भाकरी किती खावी? कमी कर्बोदकांच्या आहाराचा धडा



या पानावर आपण नेहमी बी-बियाणे, खत, गुरांचे आजार यांविषयी वाचता. आज आपण ताटाविषयी बोलू. त्याला एक कारण घडले आहे, आणि ते प्रथम सांगणे माझे कर्तव्य आहे.

दोन वर्षांमागे माझे वजन ८२ किलो झाले होते. उंची १६५ सेंटिमीटर. रक्त तपासले तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ निघाली. ५.७ ते ६.४ या आकड्यांना पूर्वमधुमेह म्हणतात, ६.५ च्या पुढे मधुमेह. मी भाकरी, भात, साखर सारे एकदम बंद केले. पाच आठवड्यांत पाच किलो उतरले. मला फार आनंद झाला आणि तो मी लपवला नाही. घरोघरी भेटीला गेलो की सांगायचो, "भाकरी सोडा, पोट उतरते."

आपल्या धर्मग्रामातील एका शेतकरी भावाने ते मनावर घेतले. तो मधुमेहाच्या गोळ्या घेत होता, हे मी विचारले नव्हते. त्याने भाकरी सोडली, गोळी मात्र चालू ठेवली. तिसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या शेतात खुरपणी करताना त्याला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले आणि तो बांधावर कोसळला. त्याच्या पत्नीने प्रसंगावधान राखून न्याहारीच्या डब्यातला गूळ पाण्यात विरघळवून पाजला, म्हणून तो वाचला. फादरांचा सल्ला अर्धाच होता. उरलेला अर्धा आज लिहितो आहे.

१. कर्बोदके म्हणजे काय?

आपल्या अन्नात शक्ती देणारे तीन मुख्य घटक असतात: कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. कर्बोदके म्हणजे पिष्ट आणि साखर. ज्वारी, गहू, तांदूळ, मका, बटाटा, रताळे, साखर, गूळ यांत ती भरपूर असतात. कडधान्यांत कर्बोदके आणि प्रथिने दोन्ही असतात. अंडी, मासे, मांस यांत कर्बोदके जवळजवळ नसतात. पालेभाज्यांत ती फारच थोडी असतात. शेंगदाण्यात प्रथिने चांगली असली तरी तेल जास्त असते, म्हणून तो मूठभरच खावा.

पिष्ट पोटात गेले की त्याची ग्लुकोज नावाची साखर बनते आणि ती रक्तात उतरते. स्वादुपिंड इन्शुलिन नावाचा रस सोडते, आणि त्याच्या मदतीने ही साखर स्नायूंत व यकृतात जाते. तिथे ती ग्लायकोजेन या रूपाने साठते. हे कोठार लहान आहे. त्यात साधारण अर्धा किलो माल मावतो. कोठार भरले आणि तरीही आवक चालूच राहिली, तर जादा मालाची चरबी होते. पेवात जागा नसताना सुगीच्या गाड्या येतच राहिल्या तर पोती ओसरीवर रचावी लागतात, तसेच पोटाचे होते.

इन्शुलिन जास्त असते तोवर शरीर चरबीला हात लावत नाही. आवक कमी झाली की कोठार रिकामे होते आणि शरीर चरबी जाळू लागते. कर्बोदके फारच कमी केली तर यकृत चरबीपासून कीटोन नावाचे द्रव्य तयार करते आणि मेंदूसुद्धा त्यावर काम चालवतो. ही या आहारामागची मूळ कल्पना आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. म्हणून पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो भराभर उतरतात ते बहुतेक पाणीच असते. त्याने हुरळून जाऊ नये, आणि पुढे उतार मंदावला म्हणून निराशही होऊ नये.

२. कल्पना जुनी, नावे नवी

लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा, अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा एक व्यावसायिक होता. तो इतका स्थूल झाला की त्याला जिना नीट उतरता येईना. विल्यम हार्वे नावाच्या डॉक्टरांनी त्याला पाव, साखर, बटाटे सोडायला सांगितले. वजन उतरल्यावर त्याने १८६३ साली स्वखर्चाने एक पुस्तिका छापून लोकांना वाटली. अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांनी १९७२ साली हाच विचार पुन्हा मांडला आणि तो जगभर पसरला.

आपल्या मराठी मुलखात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी वारंवार खाण्यामुळे वारंवार इन्शुलिन सुटते, हा विचार व्याख्यानांतून मांडला. ते २००४ साली अपघातात गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो गावोगाव नेला: खरी भूक लागते अशा दोनच वेळा ओळखाव्यात, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, मध्ये काही खाऊ नये, आणि रोज ४५ मिनिटे चालावे. बेळगाव-धारवाडकडच्या पुष्कळ मराठी घरांत हे आज माहीत आहे. यात कर्बोदके मोजायची नसतात, खाण्याच्या वेळा मोजायच्या असतात; तरी मधले चहा, बिस्किटे, चिवडा बंद झाले की कर्बोदके आपोआप कमी होतात. याउलट मुंबईच्या ऋजुता दिवेकर आपल्या आजीचे अन्न, भात-तूप-भाकरी, न भिता खायला सांगतात. लोक गोंधळतात. मग खरे काय?

संशोधन काय सांगते ते पाहा. २००३ साली अमेरिकेत ६३ स्थूल माणसांवर ॲटकिन्स आहाराची परीक्षा झाली. सहा महिन्यांनी या आहाराने वजन जास्त उतरले होते, पण वर्षानंतर नेहमीच्या कमी चरबीच्या आहारात आणि त्यात फरक राहिला नाही. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांना वर्षभर पाहिले. कमी कर्बोदके खाणाऱ्यांचे सरासरी ६ किलो उतरले, कमी चरबी खाणाऱ्यांचे ५.३ किलो. फरक नगण्य होता. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि कारखान्यातले खाद्यपदार्थ टाळून भाज्या खायला सांगितले होते. यावरून शिकायचे ते हे, की जो आहार माणूस वर्षभर पाळू शकतो तोच त्याचा आहार.

भारताविषयीही माहिती मिळाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे १३ कोटी ६० लाख पूर्वमधुमेही असल्याचा अंदाज त्यात आहे. त्याच पाहणीचा आहारविषयक भाग २०२५ साली आला. आपल्या अन्नातली सुमारे ६२ टक्के शक्ती कर्बोदकांतून येते, असे त्यात दिसले. दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. भाताच्या जागी गहू किंवा भरडधान्य घेतले, पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर धोका कमी होत नाही. काही वाटा कमी करून तिथे प्रथिने आली तरच तो कमी होतो.

आपण धारवाडकडचे लोक ज्वारीचा अभिमान बाळगतो आणि तो योग्यच आहे. ज्वारीत चोथा चांगला असतो, ती पोटाला धरून राहते. पण १०० ग्रॅम ज्वारीत ६८ ते ७२ ग्रॅम कर्बोदके असतात, हेही खरेच. ज्वारी निर्दोष आहे, पण म्हणून ती बेहिशेबी खाऊ नये.

३. आपल्या ताटाचा हिशोब

आपल्याकडच्या एका घरचा दिवस घेऊ. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरले तर तीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके येतात.

दिवसभरात सहा भाकऱ्या: २४० ग्रॅम.
रात्री ७५ ग्रॅम तांदळाचा भात: ६० ग्रॅम.
पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर: ५० ग्रॅम.
डाळ, भाजी, दूध: ३० ग्रॅम.
एकूण ३८० ग्रॅम.

यात पेढा, गिरमिट, मिरची भजी धरलेली नाही. केवळ चहातली साखर महिन्याला दीड किलो होते, हे गृहिणींनी पडताळून पाहावे.

आपले आजोबा एवढे खात होते आणि सडपातळ होते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. ते बैलांमागे दिवसभर चालत, मोट हाकत, चार मैलांवरच्या बाजाराला पायी जात. आज नांगरट ट्रॅक्टरवर बसून होते, पाणी बटण दाबून सुटते आणि बाजाराला मोटारसायकल आहे. कष्ट निम्मे झाले, भाकरी तेवढीच राहिली, आणि चहा-बिस्किटे वर आली.

कडक पद्धतीत दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कर्बोदके घेतात, म्हणजे एक भाकरी खाल्ली की दिवसाचा कोटा संपला. त्याहून सौम्य पद्धतीत १३० ग्रॅमच्या आत. मी कडक पद्धत केली तेव्हा डोके दुखले, रात्री पायांत गोळे आले, शौचाला त्रास झाला, तोंडाला वास येऊ लागला. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना माझ्यासाठी वेगळे रांधावे लागले. पुढे लग्नसराई आली, ताटावर बसलो, आणि तीन महिन्यांत ८१ वर परत गेलो. त्या भावाच्या प्रसंगानंतर मी डॉक्टरांकडे गेलो आणि मधला मार्ग घेतला. तो असा:

तीन भाकऱ्या: १२० ग्रॅम.
उसळ किंवा घट्ट वरण: ४० ग्रॅम.
भाज्या, दही, दूध: २० ग्रॅम.
साखर नाही, भात फक्त रविवारी, एका भाकरीच्या बदली.
एकूण १८० ग्रॅम.

दोनशे ग्रॅम कर्बोदके कमी झाली, म्हणजे सुमारे ८०० उष्मांक कमी झाले. त्यांतले काही दोन अंडी, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे यांनी भरून काढले. बारा आठवड्यांत साडेचार किलो उतरले आणि आजवर परत आले नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शनात धान्यातून मिळणारी शक्ती ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये असेच सांगितले आहे.

४. ताट कसे वाढावे?

अर्धे ताट भाजीचे: पुंडी म्हणजे अंबाडी, मेथी, शेपू, पालक, हरभऱ्याचा पाला, वांगी, गवार, दोडका, भेंडी, कोबी. काकडी, मुळा, गाजर कच्चे. बटाटा भाजीत न धरता भाकरीत धरावा.

पाव ताट प्रथिनांचे: मटकी-मुगाची उसळ, झुणका, वरण, अंडी, मासळी, कोंबडी, दही, ताक.

पाव ताट भाकरीचे.

प्रथम भाजी आणि उसळ खावी, भाकरी मागाहून. चटणी शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळ्याची चालेल, पण तेलाची धार आवरावी. लोणचे, पापड कमी. दारूतही भरपूर उष्मांक असतात. भाकरी सोडून ग्लास धरणाऱ्याचे पोट उतरत नाही, संसार मात्र उतरणीला लागतो.

भेटीला आलेल्या पाहुण्याला साखरेचा चहा आणि पेढा हवाच, हा आपला रिवाज आहे. मीही एका संध्याकाळी सहा घरी सहा चहा घेतले आहेत. यापुढे मला ताक किंवा बिनसाखरेचा चहा द्या, मी तो तितक्याच आनंदाने घेईन. एकमेकांनाही तशी मोकळीक द्या. पाहुण्याचा मान साखरेच्या चमच्यांवर मोजू नये.

५. शेतातून काय मिळेल?

"फादर, अंडी आणि डाळी विकत घेणे आम्हाला परवडत नाही," असे काही जण म्हणतात. पण आपण शेतकरी आहोत. पूर्वी आपल्या ज्वारीत तूर, मूग, मटकी, चवळी यांच्या ओळी असत. कानडीत त्याला अक्कडी म्हणतात. एकच पीक घेण्याच्या हव्यासात त्या ओळी गेल्या आणि डाळ दुकानातून येऊ लागली. घरापुरत्या चार ओळी पुन्हा पेरा. द्विदल पिके जमिनीला नत्रही देतात.

परसात सांडपाण्यावर अंबाडी, मेथी, दोडका, शेवगा लावा. आठ-दहा देशी कोंबड्या पाळा. सोयाबीन आपण पोत्यांनी विकतो, पण घरी खात नाही. त्यात ३५ टक्क्यांहून अधिक प्रथिने आहेत. मात्र कच्चे सोयाबीन पचत नाही. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, पूर्ण वाळवून, नऊ भाग धान्यात एक भाग मिसळून दळावे. धारवाडच्या कृषि विज्ञान विद्यापीठाच्या कृषि मेळ्याला आपण बियाण्यांसाठी जातो. तिथे अशा पदार्थांविषयीही विचारावे, आणि घरातील बायकांना बरोबर न्यावे.

६. हा आहार कोणी आपल्या मनाने करू नये?

हा भाग दोनदा वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

(१) इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेणारे. भाकरी कमी झाली की त्याच औषधाने साखर धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर कडक आहार केला तर रक्त आम्लयुक्त होण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी आधी औषध ठरवावे, मगच ताट बदलावे. औषधही आपल्या मनाने बंद करू नये.
(२) रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. वजन उतरताना दाब जास्त उतरून चक्कर येऊ शकते.
(३) गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, आणि लहान मुले.
(४) मूत्रपिंडाचा विकार असलेले.
(५) ज्यांचे वजन मुळात कमी आहे ते. आपल्या घरात सर्वांत शेवटी, उरलेले खाणारी आई किंवा सून बहुधा यातच येते. नवऱ्याने वजन उतरवायचे म्हणून तिच्या ताटातली भाकरी कमी होता कामा नये. उलट अंडे आणि डाळ आधी तिला मिळावी.

घाम फुटणे, थरथर, धडधड, एकाएकी भूक, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची चिन्हे आहेत. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा गूळ पाण्यात कालवून लगेच द्यावा, मग जेवू घालावे आणि दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. १०८ ला फोन करावा. सुगीत, उन्हात, दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याने त्या दिवशी एखादी भाकरी जास्त खावी आणि मीठ घातलेले ताक प्यावे.

७. दानिएलाचा धडा

पवित्र शास्त्रात दानिएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात एक आहाराचा प्रयोग आहे. राजाच्या ताटातले न खाता शाकभाजी आणि पाणी घेण्याची इच्छा दानिएलाने व्यक्त केली. त्याने तीन गोष्टी केल्या. हट्ट न करता कारभाऱ्याची परवानगी मागितली. दहा दिवसांची मुदत घातली. आणि शेवटी तुम्हीच पाहून निर्णय करा असे सांगितले. आपणही तसेच करू. आधी डॉक्टरांना विचारू. बारा आठवड्यांची मुदत घालू. शेवटी तराजू, टेप आणि रक्ताची तपासणी यांना निर्णय देऊ द्यावा. तीस वर्षांवरील सर्वांची साखर आणि रक्तदाब सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासतात. कमरेचे माप पुरुषाने ९० आणि स्त्रीने ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावे. वजन आठवड्यातून एकदाच करावे. पाच ते दहा टक्के उतरले तरी साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम होतो. ८० किलोच्या माणसाचे चार किलोसुद्धा मोलाचे आहेत.

शेवटी एक गोष्ट. वजन उतरवणे आणि प्रायश्चित्तकाळातला उपवास एक नव्हेत. राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवारचा उपवास आपण पापांच्या पश्चात्तापासाठी करतो, आरशासाठी नव्हे. आजारी माणसाला त्याचे बंधन नाही. त्याने गोळी चुकवून उपवास करू नये. पण दोन्हींचा मेळ घालता येतो. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे संत पौल करिंथकरांना लिहितो. मंदिराची झाडलोट करणे हेही सेवाच आहे. आणि आपल्या ताटातून जी भाकरी उतरली, तिचे धान्य महिनाअखेर चर्चच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत आले, तर आपले वजनही उतरेल आणि कोणाचे तरी पोटही भरेल.

तो भाऊ आज बरा आहे. डॉक्टरांनी त्याची गोळी कमी केली, तो तीन भाकऱ्या खातो, आणि मला पाहिले की हसून विचारतो, "फादर, आज काय सोडू?" मी सांगतो, "आधी डॉक्टरांना विचार."

वाडीच्या प्रार्थनासभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात महिन्याला साखर किती किलो लागते? माणशी किती पडते?
२. घरात कोण कोणत्या गोळ्या घेते, हे सर्वांना माहीत आहे का?
३. घरात शेवटी कोण जेवते, आणि त्या ताटात काय उरते?
४. येत्या पेरणीत घरापुरती कोणती कडधान्ये घालता येतील?
५. साखर उतरल्याची चिन्हे कोणती? प्रत्येकाने एक सांगावे.